चिप अजून किती लहान होणार, आणि त्यात आपल्या मुलांना काम उरणार का?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलं आहे: "मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे व्हीएलएसआय (चिपचं डिझाइन) घ्यायचं की एम्बेडेड (चिप वापरून उपकरणं बनवणं), हे ठरवायचंय. चिप आता २ नॅनोमीटरवर आली, याच्या खाली जायला जागाच नाही असं ऐकतो. मग ती शिकून बाहेर पडेपर्यंत या विषयात काही उरलेलं असेल का? आणि एवढ्याशा चिपचा आपल्याला पुढे उपयोग तरी काय?"

दादा, मी गेली २६ वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशिनची कंट्रोल कार्डं डिझाइन करते. चिप बनवणाऱ्यांपैकी मी नाही, वापरणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे माझं उत्तर वापरणाऱ्याच्या बाजूचं आहे, हे आधीच सांगते. तुमची खरी काळजी नॅनोमीटरची नाही. पोरीची चार वर्षं आणि तुमचा पैसा अशा विषयात जातोय का, जो आता संपत आलाय, ही काळजी आहे. म्हणून आधी त्या २ नॅनोमीटरबद्दल बोलू, कारण गैरसमज तिथून सुरू होतो.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, पण २ नॅनोमीटर हे चिपच्या त्या पिढीचं फक्त नाव आहे. साधारण १९९० च्या दशकापर्यंत या आकड्याचा ट्रान्झिस्टरच्या (चिपमधला वीज चालू-बंद करणारा सूक्ष्म भाग) एका खऱ्या मापाशी, गेटच्या (त्यातला वीज अडवणारा किंवा सोडणारा भाग) लांबीशी, संबंध असायचा. नंतर तो सुटला. आयबीएमने मे २०२१ मध्ये २ नॅनोमीटरची म्हणून जी चिप दाखवली, तिच्यात गेटची लांबी १२ नॅनोमीटरच्या आसपास होती. ज्याला बाजारात ३ नॅनोमीटर म्हणतात त्यात शेजारशेजारच्या दोन गेटांमधलं अंतर ४५ ते ५० नॅनोमीटर असतं. म्हणजे एकानंतर शून्य, असं काही येणार नाही. इंटेलने तर पुढच्या पिढीला १८ए म्हणजे १८ अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर) असं नाव देऊन एककच बदलून टाकलं.

तरीही तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही. सिलिकॉनच्या स्फटिकातलं एक घर ०.५४ नॅनोमीटरचं. त्या आयबीएमच्या चिपमध्ये वीज जिच्यातून वाहते ती सिलिकॉनची पट्टी ५ नॅनोमीटर जाड होती, म्हणजे जेमतेम नऊ घरं. इथून निम्मं, मग त्याच्या निम्मं असं फार वेळा करता येणार नाही. भिंत खरोखर जवळ आली आहे.

पण माझ्यासारखीला त्या भिंतीचा धक्का वीस वर्षांपूर्वीच बसला होता, तो वेगळ्या कारणाने. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. तुमच्या ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही ओळीच्या टोकाला थेंब थेंब पडत राहतो, तसं ट्रान्झिस्टर लहान केला की बंद असतानाही त्यातून वीज गळते. एका नळाची गळती काहीच नाही. पण २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या एम१ चिपमध्ये असे १६०० कोटी नळ आहेत. (१९७१ मधल्या इंटेल ४००४ मध्ये २३०० होते. हिशोब केलात तर साधारण ७० लाख पट.) पूर्वी ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचं व्होल्टेजही उतरवता यायचं, ५ वरून ३.३, मग १.८, मग १ च्या आसपास. त्यामुळे लहान चिप आपोआप वेगवान आणि थंड व्हायची. व्होल्टेज आणखी उतरवलं तर नळ नीट बंदच होईना, म्हणून ते तिथे अडलं, उष्णता वाढत गेली आणि त्यामुळे वेगही अडला. इंटेलचा पेंटियम ४ नोव्हेंबर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. आजचा चांगला लॅपटॉप जोर लावून ५ च्या आसपास जातो. त्याआधीच्या वीस वर्षांत हाच वेग शेकडो पट वाढला होता.

मग या वीस वर्षांत लोकांनी काय केलं, हे तुमच्या मुलीने नक्की वाचावं, कारण मला ते या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. पाण्याचा पाइप वरून अंगठ्याने दाबला तर पाणी पूर्ण थांबत नाही. तीन बाजूंनी चिमटीत धरला तर बरंच थांबतं, पूर्ण मुठीत आवळला तर थांबतंच. आधी गेट ट्रान्झिस्टरच्या फक्त वर बसायचं. २०१२ पासून बाजारात आलेल्या फिनफेट नावाच्या ट्रान्झिस्टरमध्ये ते तीन बाजूंनी आलं. सॅमसंगने २०२२ मध्ये ३ नॅनोमीटरच्या पिढीत ते चहूबाजूंनी गुंडाळलं. अशा रेषा छापायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो मिळवण्यासाठी कथलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला ५० हजार या गतीने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेझर मारतात. असं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. आपल्या हातातल्या फोनच्या मागे एवढं काम आहे, हे आठवलं की मी आजही थक्क होते.

दुसरा रस्ता वर जाण्याचा. गंगापूर रोडला बंगले पाडून टॉवर उभे राहिले, तसंच. मेमरीच्या चिपमध्ये आज दोनशेहून जास्त थर एकावर एक असतात. मोठ्या प्रोसेसरचेही आता वेगवेगळे तुकडे बनवून शेजारी शेजारी किंवा एकमेकांवर चिकटवतात, त्यांना चिपलेट म्हणतात. अडचण टॉवरचीच आहे: मधल्या मजल्यावरची उष्णता बाहेर काढायची कशी? म्हणजे यापुढे चिप 'लहान' होण्यापेक्षा 'दाट' होत जाईल, आणि त्यात उष्णता, पॅकेजिंग, टेस्टिंग असली कामं वाढतील. ही कामं कमी प्रतीची आहेत असं तिच्या मनात कुणी भरवलं असेल तर ते आधी काढून टाका.

आता उपयोगाकडे येते. माझा खरा मुद्दा इथेच आहे.

माझ्या टेबलावर एक जुनी ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरीची चिप, कायम असते, २७सी२५६. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी लांब, २८ पायांची, वर काचेची गोल खिडकी. नोकरीच्या सुरुवातीला यात आम्ही मशिनचे प्रोग्राम भरायचो. चुकलं की अतिनील दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून पुसायचं, आणि एरवी खिडकीवर स्टिकर लावायचा, नाहीतर उजेडाने प्रोग्राम उडण्याची भीती. ट्रेनी मुलं आली की मी तो स्टिकर काढते आणि भिंग हातात देते. आत नखाच्या तुकड्याएवढी चकचकीत करडी फरशी दिसते आणि तिच्या कडेपासून पायांपर्यंत गेलेल्या केसाहून बारीक तारा. मुलांना पहिल्यांदा कळतं की चिप म्हणजे ती फरशी, आणि बाकीचं सगळं तिला बाहेरच्या जगाशी जोडायचं घर.

त्या ईप्रॉममध्ये ३२ किलोबाइट मावतात. आज नखावर ठेवता येईल अशा १ टेराबाइटच्या मेमरी कार्डात त्याच्या तीन कोटी पट. हा आकडा सगळे सांगतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एक मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा संगणक) आणला, त्याचं क्षेत्रफळ १.३८ चौरस मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याएवढा. त्यात माझ्या ईप्रॉमच्या निम्मी, १६ किलोबाइट प्रोग्रामची जागा, शिवाय प्रोसेसर, शिवाय सेन्सर वाचायची सोय. हजाराच्या हिशोबात किंमत २० सेंट, म्हणजे वीस रुपयांच्या आत. ट्रान्झिस्टर किती लहान झाला यापेक्षा, एक पूर्ण काम करायला किती जागा, किती वीज आणि किती पैसे लागतात, याकडे मी बघते. उपयोग तिथून निघतात.

तुमच्या बागेचंच घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते, आणि पान किती तास ओलं राहिलं व तापमान किती होतं यावर ती अवलंबून, हे मी तुम्हाला सांगायला नको. समजा बागेत पानाचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजणारं एक यंत्र बसवलं. ते दर १५ मिनिटांनी जागं होतं, २ सेकंदांत मोजून रेडिओने पाठवतं आणि झोपतं. जागं असताना सरासरी १० मिलीअँपिअर खातं असं धरू. १५ मिनिटांवर पसरलं तर ते साधारण २२ मायक्रोअँपिअर होतात. झोपेत ५ मायक्रोअँपिअर. एकूण २७. बॅटरी २४०० मिलीअँपिअर-तासांची असेल तर कागदावर दहा वर्षं निघतात. आपल्याकडचं ऊन आणि बॅटरीचं आपोआप उतरणं धरून निम्मी धरा, तरी पाच. आता झोपेतला खर्च ५ मायक्रो ऐवजी २ मिलीअँपिअर झाला तर? तीच बॅटरी ५० दिवसांत संपते. छाटणीला बसवलेलं यंत्र काढणीच्या आधीच बंद. शेतकरी एकदा बॅटरी बदलतो, दुसऱ्यांदा यंत्र काढून टाकतो.

म्हणजे बागेतल्या यंत्राचं यश झोपेतल्या गळतीवर ठरतं. त्या कामाला २ नॅनोमीटरची चिप मी फुकट मिळाली तरी घेणार नाही. तिथे ९० किंवा ४० नॅनोमीटरची, कमी गळतीसाठी मुद्दाम बनवलेली चिप बरोबर. मुलीच्या कॉलेजात प्रोजेक्टला हमखास जी ईएसपी३२ नावाची चिप वापरतात, ती ४० नॅनोमीटरची आहे.

बॅटरी नसलेलीही चिप असते, आणि ती आपल्या गावात पुस्तिकेत बसते. नव्या ई-पासपोर्टच्या पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात. त्यातल्या चिपला आयुष्यभर स्वतःची वीज नसते. वाचणारं यंत्र जवळ आलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून अँटेनामार्फत जेवढी वीज मिळेल तेवढ्यात ती जागी होते, खरेखोटेपणाची आकडेमोड करते, उत्तर देते आणि पुन्हा निपचित. एवढ्याशा विजेवर असलं गणित करणं हे चिप लहान आणि काटकसरी झाल्याशिवाय जमलं नसतं.

शरीरातल्या वापराबद्दल मला जरा आपुलकीने बोलावंसं वाटतं, कारण माझ्या सासूबाईंच्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर आहे. त्याचा डबा हाताला लागतो आणि त्यातून तारा हृदयात जातात. २०१६ पासून अमेरिकेत मान्यता असलेला एक पेसमेकर अडीच सेंटिमीटर लांबीची कुपी आहे. ती मांडीच्या शिरेतून नेऊन थेट हृदयातच बसवतात, तार नाहीच. आणि त्या कुपीत बहुतेक जागा बॅटरीची आहे, इलेक्ट्रॉनिक्सची नव्हे. चिप आणखी निम्मी केली तरी कुपी फारशी लहान होणार नाही. चिपने वीज निम्मी खाल्ली तर मात्र होईल. एप्रिल २०२५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी तांदळाच्या दाण्याहून लहान, ३.५ मिलिमीटर लांबीचा पेसमेकर मांडला. जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळांना शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस आधार हवा असतो, त्यासाठी. त्याला वीज शरीरातल्या द्रवांच्या मदतीने मिळते, त्वचेवरची पट्टी प्रकाशाने त्याला ठोका द्यायचा इशारा देते, आणि काम झालं की तो शरीरातच विरघळतो. अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, पण पुढची दिशा मला यातच दिसते.

सगळ्यात लहान, सगळ्यात नवी चिप कुठे लागते? फोनमध्ये, आणि एआयच्या डेटा सेंटरमध्ये. तिथे विजेचं बिल आणि उष्णता इतकी मोठी आहे की प्रत्येक पिढीतली बचत महाग असली तरी परवडते. याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलं जातं, मी त्यात भर घालत नाही.

माझ्या रोजच्या कामात मात्र उलट दिसतं. सातपूरला एका प्रेस शॉपमध्ये माझं कार्ड दिवसातून दोन-तीनदा रीसेट व्हायचं. तीन दिवस मशिनपाशी स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून बसले. शेजारच्या पॅनलमधला मोठा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) बंद झाला की त्याच्या कॉइलचा झटका केबलमधून आत यायचा. कॉइलवर झटका शोषणारा आरसी सप्रेसर लावला, केबल वेगळ्या ट्रेमधून घेतली, मग थांबलं. अशा जागी सिग्नल २४ व्होल्टचा ठेवतात तो याचसाठी, कारण दोन-चार व्होल्टचा गोंधळ त्यात विरून जातो. नव्या प्रोसेसरचा गाभा १ व्होल्टहूनही कमीवर चालतो. त्याला बाहेरच्या जगापासून वाचवायला भोवती जुन्या, जाड, 'मोठ्या' चिप्सचीच तटबंदी लागते. मोटर चालवणाऱ्या, सोलर इन्व्हर्टरमधल्या, गाडी चार्ज करणाऱ्या पॉवरच्या चिप्स तर लहान होण्याच्या शर्यतीत कधी नव्हत्याच. तिथे शर्यत पदार्थाची आहे, सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडची. आपल्या नाशिकच्या स्विचगिअरच्या कारखानदारीशी ते काम जास्त जवळचं.

२०२१ मध्ये जगात चिप्सचा तुटवडा पडला तेव्हा काय अडलं होतं, आठवतं? गाड्या अडल्या. आमचीही कार्डं अडली, एका साध्या मायक्रोकंट्रोलरसाठी. नेहमी दीडशे रुपयांना मिळणारा तो पंधराशेला घेतला, तोही एका व्यापाऱ्याकडून. रीळ उघडलं तर छपाईचा रंग जरा वेगळा वाटला. कापसाला ॲसिटोन लावून घासलं तर अक्षरं निघाली आणि खाली दुसराच नंबर. अख्खं रीळ गेलं, आणि ज्या ग्राहकाला तारीख दिली होती त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली. त्या वर्षी जगाला कमी पडल्या त्यातल्या बहुतांश चिप्स जुन्या पिढ्यांच्या होत्या, ज्यांचे नवे कारखाने फारसे कुणी उभारत नव्हतं.

म्हणूनच गुजरातेतल्या धोलेऱ्याचा टाटांचा कारखाना २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप्सचा आहे, हे ऐकून "आपण जगाच्या मागे" असं कुणी म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळालेला हा ९१ हजार कोटींचा प्रकल्प नेमका तिथे जातोय जिथे गाड्या, मीटर, पंप आणि मशिनं आहेत. इस्रोसाठी मोहालीला बनलेला विक्रम प्रोसेसर १८० नॅनोमीटरचा आहे. रॉकेटच्या कामाला तो पुरतो, आणि मोठे ट्रान्झिस्टर किरणोत्साराला सहसा जास्त तग धरतात.

आता मुलीच्या निवडीचं. इथे काही गोष्टी तिच्यावर आणि तुमच्या घरावर अवलंबून आहेत, मी लांबून ठरवू शकत नाही. तिला गणित आणि पदार्थविज्ञान मनापासून आवडत असेल, एका छोट्या सर्किटवर महिनोन्‌महिने बसायची चिकाटी असेल आणि बंगळुरू, हैदराबाद किंवा नोएडाला जायची तयारी असेल, तर व्हीएलएसआय घ्यावं. त्यातही ॲनालॉगकडे वळता आलं तर वळावं. तिथे माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणून त्याला किंमत आहे. पण एम.टेक.शिवाय दारं कमी उघडतात, तो दोन वर्षांचा खर्च आत्ताच हिशोबात धरा. तिला हाताने जोडलेली वस्तू चालताना बघायला आवडत असेल आणि नाशिक-पुण्याच्या जवळ राहायचं असेल, तर एम्बेडेड आणि त्याच्या जोडीला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. मी स्वतः ही एम्बेडेडचीच वाट निवडली होती आणि पुन्हा विचारलंत तरी तीच निवडेन, त्यामुळे माझं पारडं थोडं तिकडे झुकतं, हेही लक्षात घ्या. ट्रान्झिस्टर लहान व्हायचे थांबले तर दोन्हीकडचं काम वाढेल असंच मला वाटतं. आजवर वाईट डिझाइनवर पुढच्या पिढीची चिप पांघरूण घालायची, ते पांघरूण निघेल.

निवड करण्याआधी तिला एक काम सांगा. कॉलेजातला तो ईएसपी३२ चा बोर्ड घ्यायचा, त्याला डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, टाकायचं आणि मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून करंट मोजायचा. डेटाशीटमध्ये मायक्रोअँपिअर लिहिलेत, पण मीटरवर बहुधा मिलीअँपिअर दिसतील. ते का, हे तिने कुणाला न विचारता शोधावं. सुरुवात बोर्डवरच्या पॉवरच्या लाल एलईडीपासून करावी, मग रेग्युलेटर, मग यूएसबीची चिप. शेवटी मायक्रोअँपिअर दिसायला लागले की तोच बोर्ड बॅटरीवर तुमच्या बागेत, पहिल्या ओळीच्या अँगलला बांधावा. या कामात तिचे किती दिवस गेले आणि तेव्हा तिला कंटाळा आला की जेवणाची शुद्ध राहिली नाही, ते मला इथेच कळवा. मग विषयाचं नक्की सांगते.